रोह्याहून आणलेली रॅम

दोन हजार साल यायच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी मुलगी तेव्हा दहा महिन्यांची, मला एकविसावं चालू, आणि आमच्या पेणच्या दोन खोल्यांत एक कॉम्प्युटर होता. तो आमचा नव्हता.

तो प्रेसच्या मालकांचा. लग्नाआधीपासून मी त्यांच्याकडे टायपिंगला होते. शाळा नववीत अर्ध्यावर सुटली, पण मराठी टायपिंगचा क्लास केला होता, हात चालायचा. मुलगी झाल्यावर प्रेसमध्ये जाऊन बसणं जमेना, तर मालकांनीच मशीन घरी पाठवलं. म्हणाले, घरी बसून टाईप कर, फ्लॉपी मी घेऊन जाईन. तेव्हा असं कोण कोणाच्या घरात कॉम्प्युटर ठेवतंय? गल्लीतल्या बायका दारातून बघून जायच्या. सासूबाई त्याला डबा म्हणायच्या. "त्या डब्याला पोरीपरीस जास्त जपतेस गो," असं दिवसातून एकदा तरी ऐकायचे. आणि खरंच जपायचे, कारण तो होता म्हणून मी कोणीतरी होते. तो गेला असता तर मी परत नुसती चुलीपुढची.

त्या वर्षी गागोद्याकडच्या एका हायस्कुलाची स्मरणिका आली. नुसतं टायपिंग असतं तर काय नव्हतं, पण त्यात फोटो. जुने मास्तर, नवे मास्तर, देणगीदार, झेंडावंदन, लेझीम. दोन फोटो टाकले की मशीन जे बसायचं ते उठायचंच नाय. माऊसच्या बाणाच्या जागी येणारं ते वाळूचं घड्याळ बघत बसायचे मी, तोवर मुलगी रडून झोपून परत उठायची. मालकांना सांगितलं. ते म्हणाले, रॅम कमी पडतेय, अजून एक पट्टी टाकू. पेणात मिळत नाय, रोह्याला बाजारपेठेत एक दुकान हाय तिथे मिळेल, तुझा नवरा रोज रोह्याला जातोच की. आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, रॅम ३२, एक नग. एवढंच. वर म्हणाले, "गुरुवारी चार वाजता येतो. तोवर निम्मी पानं तरी दाखव. नायतर मशीन परत प्रेसमध्ये नेतो, तिकडे दुसरी मुलगी बसवतो. माझाही धंदा हाय ना बाय."

चांगलं बोलले, ओरडले नायत. त्यामुळे जास्तच भीती वाटली.

हे रोह्याच्या कंपनीत, पण त्या आठवड्यात डबल ड्युटी, गेटच्या बाहेर सोडत नव्हते. म्हणजे मलाच जायचं. ड्युटीवर निघताना ह्यांनी बजावलं, "जुनी पट्टी काढून ने, तशीच आण. पण हातातून सोडू नको हां. बदलतात. आमच्या कँटीनवाल्याचा टीव्ही रिपेरला दिला, तर आतली ट्यूबच बदलून जुनी घातली." झालं. माझ्या डोक्यात ते जे बसलं ते बसलं.

पट्टी काढायची कशी ते मी बघितलं होतं, मशीन बसवायला आलेल्या माणसाने दाखवलं होतं. आधी बटण बंद, वायर काढायची, मग अंगातली वीज उतरायला पेटीच्या लोखंडाला हात लावायचा, मग दोन्ही बाजूच्या पांढऱ्या कड्या बाहेर ढकलायच्या, की पट्टी आपोआप वर येते. सोमवारी सकाळी काढली. फुटपट्टीच्या निम्म्याएवढी, हिरवी, खाली सोनेरी दात, वर आठ काळे चौकोन. कागदात गुंडाळून स्टीलच्या चपट्या डब्यात ठेवली, डबा ब्लाऊजपीसात बांधला, मुलगी कडेवर, आणि एसटीत बसले. सगळा रस्ता एक हात मुलीवर, एक डब्यावर.

दुकान अर्धं रेडिओ रिपेरिंगचं, अर्धं कॉम्प्युटरचं. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात. चिठ्ठी बघून म्हणाला, "बत्तीस हाय. पण कसली देऊ? तुमचं मशीन शंभरचं हाय का सहासष्टचं?"

मला कुठे माहीत. मी म्हटलं, "मॅचिंग द्या."

"मॅचिंग? वहिनी, हे काय परकर हाय? जुनी आणलीय ना? द्या इकडे."

मी डबा उघडला, पण बोटभरच, आणि छातीशी धरला. तो वाकला, मी मागे सरकले.

"अहो, एवढ्या लांबून काय दिसणार मला? मी काय तुमचं मंगळसूत्र मागतोय?"

बाकड्यावर एक म्हातारे बसले होते रेडिओ घेऊन, ते हसले. माझे कान तापले. पण डबा दिला नाय. म्हटलं, "तुम्ही तुमच्या दाखवा, मी बघते."

त्याने दोन पट्ट्या काढून काचेवर ठेवल्या. "ही शंभरची, ही सहासष्टची" म्हणाला, की उलट म्हणाला, मला आठवत नाय, कारण तेवढ्यात मुलीने त्याच्या बिलबुकावर झडप घातली. ती सोडवेपर्यंत तो रेडिओवाल्याशी बोलायला लागला होता. परत विचारायची लाज वाटली. आपण कासाराकडे जुनी बांगडी नेतो ना मापाला, तशी मी बघायला लागले. डब्यात डोकावून मोजलं, आठ काळे. काचेवरच्या हिच्यावरही आठ, तिच्यावरही आठ. खालच्या दातांमध्ये दोन खाचा, सगळ्यांना त्याच जागी. रंग तोच. मग फरक काय? डोळे फाडून बघितलं तर काळ्या चौकोनांवर बारीक इंग्रजी अक्षरं, आणि शेवटी एकीवर आठ, दुसरीवर दहा. माझ्या पट्टीवर काय हाय ते बघायचं तर ती बाहेर काढावी लागली असती, त्याच्या समोर, उजेडात. नाय काढली. मनात म्हटलं, वाढवायलाच आलोय ना आपण? आठापेक्षा दहा मोठे. दहावाली उचलली.

"नक्की हीच?"

"व्हय."

"मशीनला चालेल ना? नंतर मला बोल लावू नका."

"तुम्ही द्या हो," मी म्हटलं, आणि कधी एकदा तिथून बाहेर पडते असं झालं.

घरी आल्यावर दोन्ही पट्ट्या बसवल्या. बटण दाबताना डोळे मिटले होते. काळ्या पडद्यावर आकडे पळायला लागले, आधी थांबायचे तिथून पुढे गेले, दुप्पट झाले. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना हाक मारून ते आकडे दाखवले. त्या म्हणाल्या, "मग? आता भात पण शिजवतो का?" फोटो टाकला, पटकन आला. दुसरा टाकला, आला. तिसरा टाकला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. माऊस हलेना, कळ चालेना. हेडमास्तरांचं अर्धंच तोंड आलेलं, नाकापर्यंत.

बंद करून चालू केलं. वीस मिनिटं चाललं, परत थांबलं. परत चालू केलं. ह्या वेळी निळा पडदा आला, पांढऱ्या अक्षरांचा, मला त्यातलं एक अक्षर कळेना. केलेलं पान गेलं.

मंगळवार सगळा असाच गेला. कधी पाच मिनिटं चालायचं, कधी अर्धा तास. अर्धा तास चालायचं तेच वाईट, कारण वाटायचं, झालं आता, लागलं रांगेला, आणि मग जायचं. मी दर दोन ओळींनी सेव्ह करायला लागले. कोणी दारात आलं तरी दचकायचे. वाटलं उष्णतेने होतंय, तर दुपारभर टेबलफॅन मशीनकडे वळवला आणि आम्ही घामाने निथळत बसलो. वाटलं लाईट कमीजास्त होतेय, तर फ्रिज बंद केला, दूध नासलं. वाटलं मुलीने वायर ओढली. तिच्या पाठीत एक धपाटा घातला, ती हबकून माझ्याकडे बघत राहिली, मग मीच रडले.

सासूबाई बघत होत्या. त्यांचं माहेर खाडीकडचं, मिठागरावरचं, सगळं लहानपण मिठात गेलेलं. त्यांनी मूठभर खडेमीठ आणि मिरच्या घेतल्या आणि मशीनवरून उतरवायला आल्या.

"अहो मीठ नको, आत जाईल!"

"मिठाने कोणाचं वाईट झालंय गो? सगळी गल्ली बघून गेलीय ह्याला. दीठ लागली."

"लोखंड गंजतं!"

"आमच्या बापाची फावडी पंचवीस वर्षं मिठात होती."

"आई, ते फावडं नाय!"

मी त्यांच्यावर ओरडले. पहिल्यांदाच. त्या मीठ मुठीतच धरून बाहेर गेल्या, आणि दारातूनच लांबून उतरवून टाकलं.

बुधवारी सकाळी मी नवीन पट्टी काढली आणि नुसती जुनी ठेवली. मशीन हळू, पण थांबलं नाय. तासभर नाय थांबलं. म्हणजे दोष पट्टीचा. मग जुनी काढून नुसती नवी ठेवली, दहा मिनिटांत निळा पडदा. त्याने खराब दिली, मला पोरसवदा बघून खराब दिली, ह्यांनी सांगितलंच होतं. दोन्ही पट्ट्या डब्यात घातल्या, बिलावर दुकानाचा नंबर होता तो घेतला, मुलीला उचललं आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले, भांडायलाच.

"तुम्ही मला खराब माल दिला," मी म्हटलं, आणि एवढ्यातच दम लागला.

"कोण? हां, मंगळसूत्रवाल्या वहिनी. काय झालं?"

सगळं सांगितलं एका दमात. तो म्हणाला, "जुनीवर बारीक अक्षरं हायत. शेवटचा आकडा वाचा."

मी पट्टी काढली. मुलगी फोनची वायर चघळत होती, बूथवाला माझ्याकडे बघत होता. तीन दिवसांत पहिल्यांदा मी माझ्या स्वतःच्या पट्टीवरचं वाचलं.

"आठ."

"आणि मी दिली तिच्यावर?"

"दहा. जास्तच हाय की मग!"

पलीकडून हसण्याचा आवाज आला, पण वाईट नव्हता. "वहिनी, तो आकडा ताकदीचा नाय. वेळेचा हाय. मशीनने हाक मारली की ओ द्यायला किती वेळ लागतो, तो. आठवाली लवकर ओ देते, दहावालीला उशीर लागतो. तुमचं मशीन शंभरचं दिसतंय, ते भराभर हाका मारतंय. ही सहासष्टची बाई, तिला तेवढ्यात ओ देता येत नाय. एखादी हाक चुकली की हँग."

"मग सुरू कशी झाली? फोटो कसे आले?"

"पहिल्या चार हाका कोणीपण ऐकतं. तुम्हाला विचारलं होतं ना मी, शंभरचं का सहासष्टचं?"

विचारलं होतं. मी त्याला चोर समजून डबा पोटाशी धरून बसले होते. आणि ती दहावाली पट्टी खराब नव्हतीच, एखाद्या हळू मशीनमध्ये ती सुखाने नांदली असती. मला एकदम तिची दयाच आली. आमच्या घरात आतून सासूबाईंची हाक, झोळीतून मुलीची, बाहेरून दूधवाल्याची, आणि मी ओ देईपर्यंत पुढची हाक आलेली असते. मला काय ते नवीन नव्हतं.

तो म्हणाला, "दोन रस्ते हायत. बोर्डावर एक बारीक टोपी असते, ती सरकवली की मशीन सहासष्टवर येईल, मग दोन्ही पट्ट्या चालतील. पण सगळं मशीनच हळू होईल."

"नको. मशीन माझं नाय."

"मग घेऊन या, बदलून देतो. पण जुनी माझ्या हातात द्यायची. जोडी लावून बघायला लागेल. लांबून नाय."

गुरुवारी दुकान दुपारी एकला उघडणार होतं, तर साडेअकराच्या गाडीने निघाले. चार वाजता मालक येणार. मशीन टेबलावर उघडंच, आत एकही पट्टी नाय, म्हणजे ते निव्वळ मेलेलं. सासूबाईंना म्हटलं, मालक लवकर आले तर चहा करा आणि काय बोलू नका. त्या म्हणाल्या, "मी कधी बोलते?"

आदल्या दिवशी मी एक गोष्ट केली होती. लग्नकार्यात आपली पातेली शेजारी दिली की आपण बुडाला खूण करतो ना, तशी माझ्या पट्टीच्या कोपऱ्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका दिला, मोहरीएवढा. विश्वास टाकायचं ठरवलं होतं, पण पुरता टाकवेना.

दुकानात गेल्यावर डबा सरळ काचेवर ठेवला आणि झाकण काढलं. हात मागे घेतला. तो हात मागे घ्यायला किती जड गेला ते मलाच माहीत. त्याने चष्मा चढवला, पट्टी कडेने उचलली, उजेडात धरली, आणि त्याला ठिपका दिसला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मुलीचं टोपडं सरळ करत बसले.

"आत मशीन हाय, लावून बघतो. थांबा इथेच."

पडद्याच्या आत गेला. मी उभी. घड्याळ नव्हतं, तर मी रस्त्यावरच्या सायकली मोजायला लागले. आतून स्क्रूचे आवाज, खोकला, मग काहीच नाय. मला वाटलं मागून दार असेल. वाटलं आत जावं. मुलगी चुळबुळ करत होती, मी तिच्यापेक्षा जास्त. सायकली सतरा झाल्या तेव्हा तो बाहेर आला, हातात दोन पट्ट्या, एकीवर ठिपका.

"ही तुमची, ही तिची जोडीदारीण. दोन्ही आठ. पंधरा मिनिटं चालवली, दम लागला नाय." मग ठिपक्याकडे बोट करून म्हणाला, "बरं केलंत खूण केलीत. आत माझ्या चार पट्ट्या पडल्यात, मीच गोंधळलो असतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तसंच म्हणाला असेल का मला वाचवायला म्हणाला असेल, अजून कळलेलं नाय. मी "येते" एवढंच म्हटलं.

परतीची गाडी वडखळला अडकली. पुढे ट्रकच ट्रक. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून पाणी प्यायला गेला. शेजारच्या माणसाला दर मिनिटाला वेळ विचारत होते, शेवटी तो म्हणाला, "ताई, मगाशी सांगितल्यापासून दोनच मिनिटं झालीत." अर्ध्या तासाने गाडी हलली. स्टँडवर उतरले तेव्हा सव्वाचार. मुलीला कडेवर घेऊन मी पळाले, चप्पल तुटली ती हातात घेतली.

दारात टेम्पो उभा होता.

मालक खाटेवर, पुढे चहाचा रिकामा कप, आणि नजर त्या उघड्या मशीनवर. सासूबाई सगळं सांगून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "ही बघा आली, डब्याचे दात घेऊन."

"हे काय हाय?" मालक म्हणाले. "मशीन खोलून टाकून गावभर फिरतेस? कोणाला विचारून?"

"वीस मिनिटं द्या."

"टेम्पो थांबलाय."

"वीस मिनिटं. नाय झालं तर मी स्वतः उचलून ठेवते टेम्पोत."

आवाज माझाच होता का, कोण जाणे. मुलीने भोकाड पसरलं होतं. सासूबाईंनी ती माझ्याकडून घेतली आणि सरळ मालकांच्या मांडीवर ठेवली. "धरा जरा, सुनेला हात मोकळे लागतात." मालक एवढे चकित झाले की त्यांनी धरली.

लोखंडाला हात लावला. एक पट्टी बसवली, कड्या आपोआप आत आल्या, टक. दुसरी. घाईत एका बाजूने तिरकी गेली, काढून परत लावली, टक. वायर. बटण. आकडे दुप्पट झाले. पण आकड्यांवर माझा आता विश्वास नव्हता, ते मागेही झाले होते. स्मरणिका उघडली. हेडमास्तर आले, नाकाच्या खालीपण आले, मिशीसकट. देणगीदार आले. लेझीम आली. मी एक पान लावलं, दुसरं लावलं, मागे वळून बघितलंच नाय. प्रत्येक फोटोला श्वास धरायचा आणि सोडायचा. बाहेरून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. तिसरं पान. परत हॉर्न. चौथं. वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती, ते मला भिंतीवरच्या घड्याळात दिसत होतं, आणि मालकांनाही दिसत असणार.

पाचव्या पानाला मालक उठले. मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपली होती, शर्टाला लाळ लागलेली. ते दारापर्यंत गेले आणि हलक्या आवाजात टेम्पोवाल्याला म्हणाले, "तू जा रे. नाय न्यायचं काय."

मग परत येऊन माझ्या मागे उभे राहिले. "झेंडावंदनाचा फोटो जरा मोठा घे," म्हणाले.

मी मोठा घेतला. मशीन थांबलं नाय. टेम्पो गल्लीतून वळून जाताना ऐकू आला, तरी माझे हात थांबेनात, मी सहावं पान उघडलं आणि सेव्हची कळ दाबली, आणि अजून एकदा दाबली.